सोबतीचं माणूस

बाईंनी उभ्या आयुष्यात लोकांची पोरं सांभाळली. इतकी सांभाळली, की संध्याकाळी न्यायला आलेल्या खऱ्या आईसमोर एखादं पोर चुकून बाईंनाच 'आई' म्हणून जायचं. खरी आई दारात उभ्या उभ्या पांढरी पडायची. बाई वरवर "अगं लहान आहे तो, मनावर घेऊ नकोस" म्हणायच्या आणि आतून गारेगार व्हायच्या. दुसऱ्याच्या ताटातला घास न मागता मिळाला, की त्याची चव काही औरच लागते.

त्यांच्या स्वतःच्या लेकीनं मात्र तीन वर्षांत त्यांना एकदाही 'आई' म्हटलं नव्हतं.

भांडण झालं असतं तर बाईंना चाललं असतं. भांडणात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण लेक भांडत नव्हती. ती त्यांच्याच घरात राहायची, वाढलेलं खायची, विचारलं तर उत्तर द्यायची, फक्त हाक मारायची नाही. आपल्या भाषेत हाक न मारता जन्म काढता येतो, हे बाईंना तेव्हा कळलं. 'पाणी आलंय.' 'फोन वाजतोय.' 'साबण संपलाय.' वाक्याच्या पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. 'आई' नाही तर नाही, निदान 'तू'? तेही नाही. भिंतीला सांगावं तसं सांगून ती खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची.

हे सगळं ढब्बू गेल्यापासून. ढब्बू म्हणजे लेकीचा मुलगा, गुटगुटीत, बडबड्या, शाळेत जायच्याही आधी तापानं गेला. त्यानंतर जावई कामाच्या निमित्तानं दुसऱ्या शहरात गेला आणि निमित्त संपलं तरी परत आला नाही. रविवारी फोन करून 'काळजी घ्या' म्हणायचा, जणू काळजी म्हणजे तो पाणी घालायला ठेवून गेलेली कुंडी होती. बाईंचं पाळणाघर बंद पडलं. लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, ती नोकरी सुटली. गोळ्या झाल्या, गोळ्या बदलून झाल्या. मग एका सकाळी तिनं साठवलेल्या सगळ्या गोळ्या एकदम घेतल्या आणि बाईंनी शेजाऱ्यांना बोलावून दार फोडलं म्हणून वाचली. शुद्धीवर आल्यावर तिनं बाईंकडे पाहिलं, ते आभार मानायला नव्हे.

त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी नवा उपचार सुचवला.

"केटामाईन," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला वापरतात तेच, पण इथे अगदी कमी देतो. थोडा वेळ मन जागचं सुटतं. त्या वेळी काउन्सेलर शेजारी असते आणि नंतर त्यावर बोलते. सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही. पण गोळ्यांनी ज्यांना गुण येत नाही, त्यांच्यातल्या काहींना येतो."

"म्हणजे भूल देऊन बोलतं करणार," बाई म्हणाल्या. "त्याला सुई कशाला हवी? मला विचारा. तिला काय झालंय ते मी सांगते."

डॉक्टरीणबाईंनी ते कानाआड केलं. "त्या दिवशी सोबतीचं माणूस लागेल. एकटीला घरी सोडत नाही आम्ही."

सोबतीला बाईंशिवाय होतं कोण? पण त्याच क्षणी बाईंच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. भुलीत माणूस खरं बोलतो. आणि लेकीच्या पोटात खरं काय असणार, तर 'आई'. तळाशी कुठंतरी रुतून बसलंय, ते सुईनं वर येईल. उपचार लेकीवर होणार होता, पण गुण यायचा होता बाईंना.

काउन्सेलर म्हणजे एक हडकुळी, केस कापलेली पोरगी निघाली. चालायची मांजरीच्या पावलांनी आणि बोलायची त्याहून हळू. 'हिला लहानपणी कुणी पोटभर जेवू घातलेलं दिसत नाही,' असा शेरा बाईंनी मनातल्या मनात मारून घेतला. खोलीत मागे कलणारी खुर्ची होती, त्यावर पातळ पांघरूण, हाताशी रक्तदाबाचं यंत्र, ओकारी आली तर म्हणून एक टोपलं, डोळ्यांवर बांधायची काळी पट्टी आणि मोठाले हेडफोन. भिंतीला लागून एक स्टूल. सोबतीच्या माणसानं एरवी बाहेरच बसायचं, पेशंटची हरकत नसेल तर या स्टुलावर.

"चालेल ना?" काउन्सेलरनं लेकीला विचारलं.

"कुणी का बसेना," लेक म्हणाली.

"काकू, एकच नियम आहे. मध्ये बोलायचं नाही आणि हात लावायचा नाही. त्या रडल्या, काही बोलल्या, तरी नाही. हात धरायचाच झाला तर मी धरेन, तोही त्यांनी आधी हो म्हटलं असेल तर." मग ती लेकीकडे वळली. "हो म्हणताय का?"

"नाही. हात नको."

"बरं. आणि आत जाताना मनात काय घेऊन जायचंय? एखादी इच्छा, एखादं वाक्य, काहीही."

लेकीनं आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. "मला उठायचंय," ती म्हणाली.

काउन्सेलरला वाटलं, अंथरुणातून. बाईंनाही तेच वाटलं, आणि त्या लगेच मदतीला धावल्या. "अहो, ऊन डोक्यावर आलं तरी लोळत असते!"

नर्सनं दंडात इंजेक्शन दिलं. आधी काहीच झालं नाही. मग लेकीची मूठ सैल पडली, जबडा सैल पडला, कपाळावरची आठी गेली. हेडफोनमधून कसलंसं बिनशब्दांचं संगीत पाझरत होतं. बाई स्टुलाच्या कडेवर टेकून बसल्या होत्या. त्यांची नजर होती लेकीच्या ओठांवर. ओठ हलले, मिटले, परत हलले.

"आई."

बाई स्टुलावरून कधी उठल्या ते त्यांचं त्यांना कळलं नाही. नियम गेला खड्ड्यात. त्यांनी लेकीचं मनगट घट्ट धरलं आणि हेडफोनच्या वरताण आवाजात म्हणाल्या, "आले गं बाळा! ही काय आई. इथंच आहे मी!"

काउन्सेलरनं त्यांची बोटं एक एक करून सोडवली. लेक गप्प झाली होती. पट्टीखालून पाणी कानाकडे ओघळत होतं. ते आनंदाचं आहे, असं बाईंनी ठरवून टाकलं.

तासाभरानं, डोकं जरा स्थिर झाल्यावर, काउन्सेलरनं विचारलं, "काही आठवतंय?"

"अर्धवट." लेकीची जीभ अजून जड होती. "काहीतरी अगदी जवळ आलं होतं. मग गेलं."

"तुम्ही 'आई' म्हणालात. ते कुणाला..."

"मला!" बाई म्हणाल्या. "आणखी कुणाला? तिला काय दहा आया आहेत?"

"काकू, हात लावायचा नाही असं ठरलं होतं."

"तुला मुलंबाळं नाहीत ना? मग तुला नाही कळायचं ते." काउन्सेलर कानापर्यंत लाल झाली. बाईंनी ते पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं. पोरीच्या वर्मी लागलं होतं.

खरं तर काउन्सेलरनं तेव्हाच बाईंना बाहेरचा रस्ता दाखवायला हवा होता. पण बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. लेकीला काही आठवत नव्हतं. आईला हाक मारणारी पेशंट आणि धावून येणारी आई, यात कुणाला काय वावगं दिसणार? तिनं पुढच्या वेळेसाठी स्टूल थोडं लांब सरकवलं, एवढंच केलं.

रविवारी जावयाचा फोन आला तेव्हा बाई त्याच्या 'काळजी घ्या'ची वाटच बघत होत्या. "मला हाक मारली तिनं," त्या म्हणाल्या. "भुलीत. माणूस भुलीत खरं बोलतं. तुझं नाव काही आलं नाही हो तोंडात. मी लक्ष ठेवून होते." पलीकडे जावई काही बोलला नाही. बाईंनी त्या शांततेचा पुरेपूर आस्वाद घेतला आणि मगच फोन ठेवला.

घरात मात्र तेच. 'दूध उतू जातंय.' 'खिडकी लावायची राहिलीय.' बाई स्वयंपाकघरात उभ्या राहून कानोसा घेत राहायच्या. आता म्हणेल, मग म्हणेल. दोन घास जास्त खायला लागली होती, एकदा केस धुतले होते. 'आई' काही येत नव्हतं. 'अजून सुई लागेल,' बाईंनी मनाची समजूत घातली.

दुसऱ्या वेळी त्या इस्त्रीचे कपडे घालून गेल्या.

बाईंची एक ख्याती होती. पोर रडलं, की स्वयंपाकघरातून, पाठमोऱ्या, पोळी लाटता लाटता त्या सांगायच्या, कुणाचं आहे आणि कशासाठी आहे. हे भुकेचं, हे दाताचं, हे नुसतं नाटक. आयांना याचं कोण कौतुक! त्यांची शिस्तही तितकीच प्रसिद्ध होती. दुपारी सगळ्यांना ओळीनं झोपवायचं, दार ओढून घ्यायचं, आणि मग कुणी कितीही टाहो फोडला तरी उठायचं नाही. एकाला उचललं की सगळी उठतात. रडून दमतं, दमून झोपतं. पाळणाघर याच एका गोष्टीवर चालत होतं.

तर या खेपेला लेकीच्या तोंडून हाक आली ती वेगळीच आली. बारीक, नाकातून, 'ई' लांबवलेली. "आयी... आयीऽ..."

बाईंनी ती ओळखली. ओळखणार नाहीत तर काय? लेक अशी कधीच हाक मारत नसे, अगदी लहानपणीसुद्धा नाही. ही ढब्बूची हाक होती. लेक कुणाला बोलावत नव्हती. तिला आत जे ऐकू येत होतं, ते तिच्या तोंडून बाहेर पडत होतं. खुर्चीच्या हातावर तिची कोपरं रेटली जात होती, पाय पांघरुणातून बाहेर येऊन जमीन शोधत होते. तिला उठायचं होतं.

हे सगळं बाईंना लख्ख कळलं. एवढं कळूनही त्या गप्प बसल्या असत्या, तर ही गोष्ट वेगळी झाली असती. पण तीन वर्षांची भूक होती. 'आई' हा शब्द खोलीत पडला होता आणि तो उचलायला दुसरं कुणी नव्हतं. बाई पुढे झाल्या, त्यांनी तेच मनगट धरलं आणि म्हणाल्या, "आहे गं, आई आहे इथं. झोप तू."

हाक तुटली. लेकीचे पाय जागच्या जागी थांबले.

"बाहेर," काउन्सेलर म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता.

पण थोड्या वेळानं तिला बाईंना परत आत बोलवावं लागलं. लेकीनंच सांगितलं होतं. ती उठून बसली होती, पांघरूण खांद्यावर घेऊन, चेहरा राखेसारखा. या वेळी तिला सगळं आठवत होतं. ती काउन्सेलरशी बोलत होती. बाईंकडे बघतही नव्हती.

"दुपार होती. मला सुट्टी होती म्हणून मी पाळणाघरातच होते. ढब्बूला अंग गरम लागत होतं. आतल्या खोलीत सगळ्यांबरोबर झोपवला त्याला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात टेबलाशी. तो हाका मारायला लागला. मी उठायला गेले, तर माझं मनगट धरलं. म्हणे, तू गेलीस तर सगळी उठतील. दमेल आणि झोपेल. तो हाका मारत होता. मग थांबला. मला म्हणाली, बघ, झोपला." तिनं पांघरूण आवळून घेतलं. "मग आम्ही चहा घेतला."

काउन्सेलरनं पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

"आता इथं तेच टेबल येतं. तो हाका मारतो आणि मी उठते. खरंच उठते, पाय खाली टेकतात. एवढ्यात माझं मनगट धरलं जातं आणि कुणीतरी म्हणतं, आई इथं आहे. आणि तो गप्प होतो." तिचा आवाज फुटला नाही, फुटला असता तर ऐकणं सोपं गेलं असतं. "दोन्ही वेळा गप्प झाला तो."

बाईंना त्या क्षणी काही करता आलं असतं. पाया पडता आलं असतं. नुसतं रडता आलं असतं. पण बाईंना दोष घ्यायची सवय नव्हती; तो त्यांच्या हातात ठरतच नसे.

"डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, "ताप डोक्यात गेला होता. लगेच नेलं असतं तरी हाती काही लागलं नसतं. चौकशी झाली, कुणाचा दोष निघाला नाही. आणि मनगट धरलं, मनगट धरलं म्हणून काय सांगतेस? मी काय पोलीस होते? एवढी मोठी बाई तू, एक झटका दिला असतास तर सुटला असता की हात! का नाही सोडवून घेतलास?"

काउन्सेलर अर्धी उठली. "काकू..."

"असू दे," लेक म्हणाली. मग पहिल्यांदाच तिनं मान वळवून बाईंकडे पाहिलं. "बरोबर आहे. तेच विचारतेय मी स्वतःला. रोज. तेवढ्यासाठीच त्या गोळ्या घेतल्या होत्या."

हे बोलणं आपल्या बाजूचं होतं की विरुद्ध, ते बाईंना ठरवता येईना.

तिसऱ्या वेळी स्टूल काढून टाकलेलं होतं. बाई बाहेरच्या बाकावर बसल्या, मांडीवर लेकीची पिशवी घेऊन. दार जाड होतं. आतलं काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं, आणि ज्या कानांचा त्यांना एवढा अभिमान, ते दाराकडे लावून लावून दुखायला लागले. शेजारी एक माणूस आपल्या बायकोसाठी थांबला होता. तो कसलीशी बिस्किटं खात होता, त्यानं बाईंपुढे पुडा धरला. बाईंनी मान हलवली. आत ढब्बू होता. त्यांचाही ढब्बू होता तो. त्याची नखं कापताना त्या गाणं म्हणायच्या, ते गाणं आठवायला गेलं तर आठवेना. आत लेक त्याच्यापाशी जाईल, त्याला उचलून घेईल. आणि तो विचारेल, मग तू तेव्हा का नाही आलीस? त्यावर लेक काय सांगेल? कुणाचं नाव घेईल? आयुष्यात पहिल्यांदा बाईंना एका पोराची भीती वाटली.

आणि तरीही, हेही खरंच सांगायला हवं, एक आशा त्यांनी सोडली नव्हती. आता मोकळी होईल ती. मोकळी झाली की राग जाईल. राग गेला की 'आई' येईल. जाईल कुठे?

खूप वेळानं दार उघडलं. आधी काउन्सेलर आली, डोळे पुसत. मग लेक. पाय जरा लटपटत होते, पण चेहरा बाईंनी तीन वर्षांत पाहिला नव्हता असा होता. रडून सुजलेला आणि स्वच्छ. ती सरळ चालत होती. कुणी सांगायची गरज नव्हती. ती त्या टेबलापासून उठली होती, आतल्या खोलीत गेली होती आणि जे बोलायचं ते बोलून आली होती.

त्या दिवशी नर्स नवी होती. "घरी न्यायला कोण आहे?" तिनं विचारलं आणि बाईंकडे पाहून हसली. "ह्या आई का तुमच्या?"

बाई बाकावरून उठल्या होत्या. 'हो' अगदी जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. दोनदा न विचारता ओ देऊन झाली होती. या वेळी लेकीलाच म्हणू दे. त्या हात पुसून, ताठ, वाट बघत उभ्या राहिल्या.

लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं. नजर चुकवली नाही, रोखलीही नाही. त्या नजरेत राग शोधूनही सापडला नसता, आणि राग असता तर बाईंना धरायला काहीतरी मिळालं असतं.

"नाही," ती नर्सला म्हणाली. "सोबतीला आल्यात."

"मग तुम्ही जरा हात धरा त्यांचा," नर्स बाईंना म्हणाली. "जिना आहे."

बाईंनी हात पुढे केला. लेकीनं तो पाहिला आणि बसमध्ये कुणी जागा देऊ केली तर हसावं, तसं हसली.

"असू द्या. तुम्ही नका त्रास घेऊ," ती म्हणाली. "कठडा आहे. तुम्हीच जपून उतरा."

आणि कठडा धरून ती उतरायला लागली. तीन वर्षं तिच्या तोंडात बाईंसाठी काहीच नव्हतं, तोवर काहीही येऊ शकत होतं. आता 'तुम्ही' आलं होतं. ते जायचं नाही, हे बाईंना पहिल्याच पायरीवर कळलं. पिशवी दोन्ही हातांनी धरून त्या तिच्या मागे उतरल्या.